वापरलेली मर्सिडीज : आधीची की नंतरची?

आमच्याकडे गाडीचा विषय निघाला तो जेवणाच्या ताटावर, आणि निघाला तोच मुळी ठरल्यासारखा. डाळ मिलची दोन वर्षं बरी गेली होती. ह्यांच्या बरोबरीच्या दोघांच्या दारात मर्सिडीज उभी राहिली होती. नवी घेणं आपल्या आवाक्यातलं नाही हे त्यांनाही कळत होतं, म्हणून मग वापरलेली. "बावीस लाखांपर्यंत जाऊ," हे म्हणाले. त्या बावीसांत मुलीच्या शिक्षणासाठी मी बँकेत ठेवलेले चार लाखही धरलेले आहेत, हे मला वांग्याची भाजी वाढता वाढता कळलं.

एरवी अशा खरेदीत आपल्याला फक्त रंग विचारतात. या वेळी मात्र मी पदर खोचला.

पुढे दोन गाड्या होत्या, दोन्ही ई-क्लास, दोन्ही डिझेल. एक इथेच जळगावात, एका डॉक्टरांची, २०१५ची, साडेचौदा लाख. दुसरी धुळ्यात, २०१७ची. बरोब्बर बावीस लाख. दोन वर्षांच्या फरकाला साडेसात लाख कशाचे, हा माझा पहिला प्रश्न. उत्तर असं, की नाव एक असलं तरी या दोन वेगळ्या पिढ्या आहेत. सात-आठ वर्षं झाली की कंपनी तेच नाव ठेवून गाडी मुळापासून नवी काढते. जुनं घर पाडून त्याच जागी नवं बांधावं, पाटी मात्र तीच लावावी, तसं.

मर्सिडीज १९९५पासून पुण्याकडे बनते. आधी पिंपरीला, २००९पासून चाकणला. त्याच २००९मध्ये ई-क्लासची आधीची पिढी आपल्याकडे आली आणि २०१७च्या सुरुवातीपर्यंत चालली. मध्ये २०१३ साली तिची डागडुजी झाली. ओळखायला अगदी सोपं : तोंडाकडे चार सुटे दिवे असतील तर ती २०१३च्या आधीची, दोन्ही बाजूंना एकेकच मोठी काच असेल तर नंतरची. हा फरक नुसता दिसण्याचा नाही. या पिढीच्या सुरुवातीच्या, २००९ ते २०११च्या डिझेल गाड्यांचे इंजेक्टर जगभर बदलावे लागले होते. नवी सून घरात रुळायला जसा वेळ लागतो, तसा नव्या मॉडेललाही लागतो. म्हणून कुठल्याही पिढीची शेवटची दोन-तीन वर्षं मला पहिल्या दोन-तीनपेक्षा जास्त भरवशाची वाटतात. या हिशेबानं डॉक्टरांची गाडी तिच्या पिढीतली अनुभवी, आणि धुळ्याची गाडी तिच्या पिढीतली अगदी पहिलटकरीण.

पण धुळ्याच्या गाडीत एक गोष्ट अशी होती, की तिच्यापुढे माझा हिशेब लंगडा पडायला लागला. फेब्रुवारी २०१७मध्ये आलेली ही ई-क्लास भारतासाठी मुद्दाम लांब केलेली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर आधीच्या गाडीपेक्षा जवळजवळ आठ इंचांनी जास्त, आणि ती सगळी वीतभर जागा मागच्या सीटवाल्याच्या पायांना. पाठही मागे कलते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांनाही धुळ्याला बरोबर नेलं. त्या मागे बसल्या, पाय सरळ केले आणि म्हणाल्या, "हिच्यात तर मांडी घालून बसता येईल गं!" ह्यांनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

धुळं म्हणजे मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर या दोन महामार्गांचा चव्हाटा. गाड्यांची पारख असलेली माणसं तिथे आहेत. भाऊजींनी एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं होतं. आम्ही तिथे असतानाच एजंटानं आणखी एक गाडी पुढे केली : तीच नवी पिढी, २०१८ची, परराज्यातली, आणि फक्त अठरा लाख! ह्यांचे डोळेच चमकले. मिस्त्रींनी आतली पट्टी, म्हणजे सीटबेल्ट, शेवटपर्यंत ओढून काढला. तळाच्या हातभर भागावर मातकट रेघ होती. मग डिकीतला गालिचा उचलला, वास घेतला आणि मला म्हणाले, "ताई, या गाडीनी पानी पियेल शे." मीही वास घेतला. पावसाळ्यात डाळीच्या कोठीत ओल गेली की येतो, अगदी तोच. अशा गाडीतली विजेची वायरिंग आणि कॉम्प्युटर आतून गंजत जातात नि वर्षभरानं एकेक दुखणं बाहेर येतं. मैत्रिणींनो, हे काम पुरुषांवर सोडू नका. स्वयंपाकघरात तयार झालेलं नाक त्यांच्याकडे नसतं.

परराज्यातल्या स्वस्त गाडीचं आणखी एक. दिल्लीच्या परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५पासून बंदीचे आदेश निघत गेले, आणि तिकडच्या गाड्या इकडे येऊ लागल्या. भाव ऐकून मोह होतो. पण तिथल्या आर.टी.ओ.चा ना-हरकत दाखला हवा, म्हणजे फॉर्म २८. शिवाय आपल्या राज्याचा कर नव्यानं भरावा लागतो, आणि तो भाव सांगताना कुणी सांगत नाही. गाडी इथलीच, एम.एच. १८, १९ किंवा २०ची असेल तर फॉर्म २९ आणि ३०वर नाव बदलतं. आधीच्या मालकानं कर्ज काढलं असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे मोजू नका. विमाही चौदा दिवसांच्या आत नावावर करून घ्या.

आमच्या शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, ऑक्टोबर २०१०मध्ये व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, ते पुष्कळांना आठवत असेल. त्या काळातल्या गाड्या आता पाच-सहा लाखांतही सांगून येतात. पण पंधरा वर्षं झाली की नोंदणी पुन्हा करायची, गाडी तपासून घ्यायची, वर पर्यावरण कर. त्या वाटेला मी तरी जाणार नाही.

परत येताना पारोळ्याला चहाला थांबलो, तिथे खरा वाद झाला. मी विचारलं, "बावीस देऊन टाकले, आणि सहा महिन्यांनी गिअरबॉक्सनं मान टाकली तर?" जुन्या मर्सिडीजची किंमत जुनी होते, सुट्या भागांची होत नाही. त्यांचे भाव नव्या गाडीचेच राहतात. जळगावाहून संभाजीनगर किंवा धुळ्याहून नाशिक, दोन्ही दीडशे किलोमीटरच्या वर. बंद पडली तर तिथवर वाहून न्यायचा खर्च वेगळाच. डॉक्टरांची गाडी घेतली तर साडेसात लाख उरत होते. त्यातले चार मुलीचे, आणि साडेतीन गाडीच्याच नावानं वेगळे. "तेवढे बाजूला काढता येत नसतील," मी म्हटलं, "तर ती गाडी आपली नव्हेच, दारात उभी केलेली उसनवारी." हे काही बोलले नाहीत. चहा निवला.

नवी पिढी घ्यायचीच असेल, आणि पैसा मोकळा असेल, तर जरूर घ्या; घरात वडीलधारी माणसं असतील आणि ड्रायव्हर ठेवलेला असेल तर तिच्यासारखं सुख नाही. फक्त आपली धाव बघा. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी धरणारी जाळी असते, ती लांबच्या वेगवान प्रवासात आपोआप जळून साफ होते. घर ते मार्केट यार्ड एवढीच फेरी असेल तर ती तुंबते. अशांनी पेट्रोलच पाहावी.

डॉक्टरांची गाडी आम्ही मे महिन्यात, दुपारी दोनला, ४४ अंशांत पाहिली, मुद्दाम. उभ्या गाडीत अर्धा तास एसी लावून बसलो. टायरवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. सर्व्हिसची बिलं तारखेवार लावून किलोमीटर जुळवले, गिअरचं तेल बदलल्याचं बिल मागितलं. डॉक्टरीणबाईंनी ते फाईलमधून काढून दिलं, आणि तिथेच माझं मन बसलं.

सासूबाई दोन दिवस रुसल्या होत्या. मागच्या सीटवर ती वीतभर जागा नाही ती नाहीच. मग एकदा त्यांना पुढे बसवलं. दारावर सीटच्याच आकाराची छोटी बटणं आहेत. जो भाग दाबावा तो हलतो. उतरताना सीट वर घ्यायची, म्हणजे गुडघ्यावर जोर येत नाही, हे त्यांनी आपलं आपण शोधून काढलं. आता धुळ्याला जाताना एरंडोल येईपर्यंत ती सीट तीनदा तरी वरखाली होते. मी मागे बसते, पाय जरासे आखडून.