उघड्यावरचा भाव

टोकियोस गेलेला प्रवासी मंदिरे आणि उद्याने पाहून झाल्यावर एखाद्या पहाटे तोयोसूच्या बाजारात जातो, आणि शेपटीपाशी चीर दिलेले अजस्र ट्यूना मासे जेथे ओळीने मांडलेले असतात त्या थंड दालनाकडे सज्जातून पाहताना, विजेरीच्या उजेडात मांसाचा रंग न्याहाळणारे खरेदीदार आणि बोटांच्या खुणांनी क्षणार्धात आटोपणारे सौदे पाहून थक्क होतो. १९३५ पासून त्सुकिजी येथे भरणारा हा बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसूला हलला. फळे व भाजीपाल्याचीही तेथे स्वतंत्र इमारत आहे. हे कौतुक यथार्थच आहे. मात्र ज्या गृहस्थाने नाशिकहून आग्रा रस्त्याने तासाभरात गाठता येणाऱ्या पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीच्या आवारात कधी पाऊल टाकलेले नाही, त्याने लिलाव पाहण्यासाठी थेट जपान गाठावे, याचे मला थोडे नवल वाटते.

निफाड तालुक्यातील हे गाव द्राक्षांसाठी आणि कांद्यासाठी प्रसिद्ध असले तरी, पावसाळा उतरणीस लागल्यापासून हिवाळ्यापर्यंत तेथील खरा मान टोमॅटोचा. वीस किलोंच्या कॅरेटांनी लादलेली वाहने रांगा लावतात. माल दूरच्या प्रांतांत जावयाचा असल्याने फळ नुकते रंगावर आलेले असतानाच खुडलेले असते, आणि भाव बोलला जातो तो कॅरेटवर. कांद्याची तऱ्हा निराळी. तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मोकळा येतो, भाव क्विंटलवर निघतो, आणि व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपासून दुसरीकडे असा सरकत जातो. कोणी ट्रॉलीत हात खुपसून खालचा कांदा वर काढतो, कोणी पत्ती चोळून पाहतो, कोणी गोल्टीचे, म्हणजे बारीक कांद्याचे, प्रमाण अजमावतो, आणि बोली चढते ती शेतकऱ्याच्या देखत. पटला तर सौदा, न पटला तर नकाराचा अधिकार त्याला आहे. सौदा झाला की ट्रॉली भुईकाट्यावर जाते, तेथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर. ढिगाच्या पोटातला माल वरच्यापेक्षा हलका निघाला तर हुज्जत होते ती येथे, आणि ती ऐकण्याजोगी असते.

तोयोसूत बोटे सर्वांना दिसतील अशी उंचावतात. आपल्याकडील जुन्या अडत-पेढ्यांवर मात्र तीच बोटे रुमालाखाली एकमेकांचा हात दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल त्याला हिशेबपट्टी हाती पडेपर्यंत भावाचा पत्ता नसे. या अंधारावर कायद्याचा उजेड पाडण्याचा उद्योग वऱ्हाडात फार लवकर सुरू झाला: हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमाने कारंजा येथील कापसाचा बाजार १८८६ मध्येच नियंत्रणाखाली आला. पुढे मुंबई इलाख्याचा १९३९ चा कायदा आणि महाराष्ट्राचा १९६३ चा अधिनियम झाला; जाहीर लिलाव हा दंडक त्यातून रूढ झाला. जपानातही हीच गरज निकडीने जाणवली होती. १९१८ मध्ये तांदळाच्या महागाईने दंगे उसळल्यावर सरकारने १९२३ मध्ये मध्यवर्ती घाऊक बाजारांचा कायदा केला, आणि त्याच वर्षीच्या भूकंपात निहोनबाशीचा पुरातन मासळीबाजार उद्ध्वस्त झाल्याने त्सुकिजीचा मार्ग मोकळा झाला.

तथापि लिलाव उघड्यावर आला म्हणून विकणाऱ्याची बाजू बळकट होतेच असे नाही. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत महिनोन्‌महिने राहतो, म्हणून त्याचा धनी भाव नाकारून ट्रॉली परत नेऊ शकतो. टोमॅटोच्या धन्याला नकाराचा अधिकार कागदोपत्री तेवढाच असला तरी फळ त्याच्यासाठी थांबत नाही, आणि मासळीचे तर विचारावयासच नको. म्हणूनच आणलेला माल घेण्यास घाऊक विक्रेत्याने सबळ कारणाविना नकार देऊ नये, असे बंधन जपानी कायद्याने घातले आहे. आपल्याकडे कांदेकऱ्याचा माल राखून ठेवण्याचा एवढा आधारही दिल्लीच्या एका फर्मानाने डळमळतो: डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने निर्यात बंद केली तेव्हा या भागातले लिलाव ठप्प झाले, आणि बंदी उठली ती मे २०२४ मध्ये. तोवर लाल कांद्याचा हंगाम निघून गेला होता; आणि हा कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही.

पाहावयास जाणाऱ्याने दिवाळीनंतर जावे. सणाच्या दिवसांत लिलाव बंद असतात. ते सुरू झाले की उतरता टोमॅटो आणि चढता लाल कांदा दोन्ही एकाच फेरीत पाहावयास मिळतात. ट्रॅक्टरच्या वाटेत मात्र उभे राहू नये.