डबी, शिक्का आणि शेंदरी दगड

इंग्लंडातल्या डार्टमूर नावाच्या ओसाड माळावर १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एका दलदलीच्या जागी बाटली ठेवली. एवढी पायपीट करून जो पोचेल त्याने आपले कार्ड तीत टाकावे, इतकीच अपेक्षा. पुढे लोक तिथे पत्रे ठेवू लागले; नंतर येणाऱ्याने ती टपालात टाकायची. त्यातून 'लेटरबॉक्सिंग' हा खेळ जन्मला. डबीत रबरी शिक्का आणि वही ठेवून ती लपवायची. शोधणाऱ्याला पत्ता मिळतो तो कोड्यात. डबी सापडली की तिचा शिक्का आपल्या वहीत, आपला तिच्या वहीत, आणि डबी होती तिथे परत. शिक्का, शाई, नोंदवही! बँकेत जन्म काढलेल्या माणसाला हा खेळ परका वाटायचे कारण नाही.

अमेरिकेत १९९८ सालच्या एका मासिकातील लेखानंतर हा खेळ पसरला आणि खेड्यांतल्या दफनभूमींतही शिरला. कोडे साधारण असे: गिरणीवाल्याचे थडगे शोध, त्याच्या वयातून बायकोचे वय वजा कर, तेवढी पावले मोठ्या झाडाकडे चाल. डबी हाती येईपर्यंत गावात गिरणी होती, साथ कधी आली, कुणाची तान्ही मुले एकाच आठवड्यात गेली, हे पोराला कळून चुकलेले असते.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्यात हे कसे खेळणार? आपल्यात बहुतेकांची राख नदीला मिळते. नाव कोरलेला दगड मागे उरत नाही. शिवाय इथली कितीतरी घरे बाहेरून आलेली. उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांच्या पूर्वजांचे मसण तर दुसऱ्या देशात राहिले. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर निर्वासितांना दिली गेली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी नव्या नगराची कोनशिला बसवली. आजही तिथे पत्ता सांगताना कँप नंबर सांगतात.

त्या युद्धातल्या सैनिकांची थडगी पश्चिम आणि मध्य भारतात विखुरली होती. जिथे कायमची निगा राखण्याची खात्री नव्हती, तिथली खडकीच्या युद्ध दफनभूमीत आणली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या अशा दफनभूमींत मृतांची यादी आणि येणाऱ्यांसाठी वही छोट्या कपाटात ठेवायची पद्धत आहे. कोडे नाही, शिक्का नाही. तरी त्या डबीची ही थोरली बहीणच म्हणायची.

दगड आपल्याकडेही आहेत. अंबरनाथच्या शिवमंदिरातला लेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलाहार राजा मम्मुणीच्या काळातला. डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो शक ७८२ वाचला होता. पुढे भगवानलाल इंद्रजींनी ९८२ असे दुरुस्त केले. एका अंकापायी दोनशे वर्षे! बँकेत एवढी तफावत निघती तर रात्रभर खाती जुळवत बसलो असतो. याच घराण्याचा शेवटचा राजा सोमेश्वर यादवांशी लढताना समुद्रात बुडाला. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवरची वल्ह्यांची जहाजे त्याच लढाईतली, असे अभ्यासक मानतात.

वीरगळ वाचायचा तो खालून वर. तळाशी लढणारा, पडलेला वीर; मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा; वर शिवपिंडीची पूजा आणि माथ्याशी चंद्रसूर्य. सतीशिळेवर बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात. हे दगड म्हणजे आपली थडगीच, फक्त नावावाचून. जुन्या गावांच्या वेशीला ते शेंदूर लेऊन उभे असतात आणि नवी इमारत उठताना कधी पायाच्या भरावात जातात. कुणी हळहळत नाही, कारण कुणी वाचलेलेच नसतात.

म्हणून हा खेळ इथे यावा असे मला वाटते. पण डबी स्मशानात वा दफनभूमीत नको. शोक करायला आलेल्यांच्या पायांत पोरे धावू नयेत. पुराण्या मंदिराच्या दगडांत काही खुपसणे तर नकोच. प्रश्न दगडावरचा असावा, शिक्का गावच्या वाचनालयात ग्रंथपालांच्या टेबलावर. बदलापूरसाठी पहिले कोडे मी लिहूनही ठेवले आहे. इथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, असे सांगतात. तेव्हा कोडे असे: 'जिथे घोडे बदलत त्या जुन्या गावात जा. सर्वांत म्हाताऱ्या आजींना विचार, वेशीवर शेंदरी दगड होता का, आणि तो आता कुठे आहे. त्या सांगतील ते वहीत लिहून आण. मग शिक्का.'