गोचिडीने आणलेला बहुरूपी

गाईगुरांच्या कानात, मानेखाली किंवा आचळांजवळ चिकटलेल्या गोचिडी तुम्ही पाहिल्या असतील. एका पावसाळ्यात माझ्या मामांच्या संकरित गाईला ताप भरला. तिने चारा सोडला, दूध आटले, डोळ्यांच्या आतली कड आधी पांढरट व मग पिवळी पडली. गुरांच्या डॉक्टरांनी कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेतला, काचपट्टीवर पसरून रंगवला आणि मला सूक्ष्मदर्शकातून पाहायला सांगितले. अनेक तांबड्या पेशींच्या अगदी कडेला एकेक जांभळा ठिपका होता. मी पडलो पदार्थविज्ञानाचा शिक्षक. मला ती काचेवरची धूळ वाटली!

हे ठिपके दक्षिण आफ्रिकेत आर्नल्ड थायलर यांनी १९१० साली ओळखले. पेशीच्या कडेला राहणारा म्हणून त्याचे नाव 'ॲनाप्लाझ्मा मार्जिनेल'. हा एक जीवाणू आहे. गोचीड चावली की तो गाईच्या रक्तात शिरतो. बाधित तांबड्या पेशी प्लीहेत नष्ट केल्या जातात. म्हणून रक्तक्षय आणि कावीळ होते. वासरे बहुधा हलक्या आजारावर निभावतात, मोठी गाय मात्र दगावू शकते.

वाचलेल्या गाईच्या रक्तात हा जंतू बहुधा जन्मभर राहतो. असे का व्हावे? गाईचे शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करत नाही काय? करते. पण हा जंतू पक्का बहुरूपी आहे! आपल्या गावात येणारा बहुरूपी आज पोलीस तर उद्या वासुदेव बनून येतो, तसेच हे.

जंतूच्या अंगावर 'एमएसपी-२' नावाचे प्रथिन असते. प्रतिपिंडे जंतूला ओळखतात ती मुख्यतः अशा प्रथिनांवरून. हे प्रथिन घडवणारे चालू जनुक एकच. पण त्याच्याशी मिळतीजुळती काही 'मुकी' जनुके जंतूजवळ असतात. त्यांतील तुकडे चालू जनुकात उतरवले जातात आणि प्रथिनाचे रूप बदलते. समजा, मुकी जनुके ५ आहेत आणि चालू जनुकात बदलण्याजोग्या जागा ३ आहेत. तर रूपे किती? ५ × ५ × ५ = १२५! पाच रंगांच्या कागदी पट्ट्या घेऊन वर्गात हे करून पाहा. प्रतिपिंडे एक रूप ओळखून संपवतात, तोवर दुसरे वाढू लागते. म्हणून गाईच्या रक्तात जंतूंची संख्या सुमारे पाच-पाच आठवड्यांनी चढते आणि उतरते.

ही झाली एकाच गाईच्या शरीरातील विविधता. शिवाय गावोगावचे, देशोदेशीचे वाणही निरनिराळे असतात. 'एमएसपी-१ए' या जनुकात काही तुकडा पुन्हापुन्हा येतो, माळेत मणी ओवावेत तसा. मण्यांची संख्या आणि घडण पाहून शास्त्रज्ञ वाण ओळखतात. असे शेकडो वाण जगभर नोंदले गेले आहेत.

याचा परिणाम लशीवर होतो. थायलर यांनीच 'ॲनाप्लाझ्मा सेंट्रेल' हा सौम्य भाऊबंद शोधला. त्याची जिवंत लस काही देशांत आजही टोचतात. पण ती सर्व वाणांपासून सारखे संरक्षण देत नाही. तसेच एका वाणाचा जंतू अंगात असतानाही, निराळी मुकी जनुके बाळगणारा दुसरा वाण त्याच गाईत शिरू शकतो. बाजारातून आणलेले धडधाकट दिसणारे जनावर असा नवा वाण गोठ्यात आणू शकते.

मामांची गाय टेट्रासायक्लीन गटातील औषधाने उठली. "आता ही बरी झाली ना?" मामांनी विचारले. डॉक्टर म्हणाले, "ती बरी झाली, पण तिचे रक्त अजून शेजारणीला आजारी पाडू शकेल." जंतू गोचिडीबरोबरच रक्ताने माखलेल्या सुईतूनही पसरतो. म्हणून गोठा गोचीडमुक्त ठेवावा, प्रत्येक जनावराला वेगळी सुई वापरावी, आणि नवे जनावर कळपात सोडण्यापूर्वी त्याचे रक्त तपासून घ्यावे. बहुरूप्याची सोंगे पुष्कळ असली, तरी त्याच्या येण्याच्या वाटा थोड्याच आहेत. त्या आपल्याला अडवता येतात.