गंगेची कावड

डोलवीच्या खाडीकांठीं आज पोलादाचा कारखाना उभा आहे. परंतु याच पेण तालुक्यांतील वरसईहून १८५७ सालीं विष्णुभट गोडसे आपल्या काकांसह उत्तरेकडे निघाले, ती कथा घरोघरीं मुलांस सांगण्याजोगी आहे. घरीं ऋण झालेलें. मथुरेस बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, तेथें दक्षिणा मिळेल, एवढाच हेतु. वाटेंत उठावाची वार्ता कळली, तरी ते परत फिरले नाहींत. पुढें १८५८ च्या वेढ्यांत ते झांशींत सांपडले व जवळचें होतें तें लुटीत गेलें. मग काल्पीच्या वाटेवर एका विहिरीशीं राणी लक्ष्मीबाई दृष्टीस पडल्या. धुळीनें माखलेल्या, तृषार्त. भटजी पाणी शेंदूं लागले, तों त्यांस थांबवून बाईंनीं स्वतःच मडक्यानें पाणी काढिलें व ओंजळीनें प्राशन केलें. ज्यांच्या आश्रयास आपण राहिलों, त्यांचीच ही दशा पाहिल्यावर घरच्या कर्जाचें दुःख तें केवढें उरणार? ‘माझा प्रवास’ हें त्यांचें पुस्तक १९०७ सालीं प्रसिद्ध झालें. (यात्रेचा हिशेब रुपये-आण्यांत मांडणाऱ्यांनीं त्यांतील हा प्रसंग अवश्य वाचावा.) वरसईस परतले तेव्हां गांठीं धन फारसें नव्हतें; गंगाजळाची कावड मात्र होती. त्या जळानें त्यांनीं मातापितरांस स्नान घातलें.