काचेला चिकटलेले आजोबा

दसऱ्याला आमच्याकडे आजोबांच्या लष्करी फोटोला हार पडतो. गेल्या पावसाळ्यानंतर फ्रेम उघडली, तर फोटो काचेला चिकटलेला. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो. दमट हवेत तो फुगून चिकट होतो आणि वाळला की काचेला घट्ट धरून बसतो. ओढला असता तर चेहरा काचेवरच राहिला असता. मग काचेसकटच स्कॅन केला, 1200 डीपीआयवर.

त्यानंतरचं अवघड काम म्हणजे हात आवरणं. त्याआधी एका स्टुडिओने याच फोटोची दुसरी प्रत ‘साफ’ करून दिली होती. डाग गेले, पण छातीवरच्या पदकांच्या फितीही सपाट करड्या होऊन बसल्या. आजोबांची हकीकत तर त्या फितींतच होती! म्हणून मूळ स्कॅनला बोट लावायचं नाही. डागडुजी त्याच्या प्रतीवर, आणि तीही फोटो वाचून झाल्यावर.

खांद्यावरच्या पितळी अक्षरांनी रेजिमेंट सांगितली: मराठा लाइट इन्फन्ट्री. लढाई कुठली, ते फितीवर. घरात सगळे बर्मा म्हणत. बर्मा स्टार या पदकाच्या फितीत मधे रुंद लाल पट्टा आणि दोन्हीकडच्या गडद निळ्यात नारिंगी रेघ. डावी-उजवी बाजू अगदी सारखी. आफ्रिका स्टारची फीत वाळूच्या रंगाची, मधे लाल पट्टा, पण एका बाजूची रेघ गडद निळी आणि दुसरीकडची फिकट निळी. कृष्णधवल फोटोत छटांवर विसंबून चालत नाही. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नाही, तो काळा उतरतो, आणि निळा पांढुरका. संगणकाने भरलेले रंग तर निव्वळ अंदाज. म्हणून मी फक्त दोन बाजू ताडून पाहिल्या. त्या सारख्या नव्हत्या.

म्हणजे आफ्रिका. आफ्रिका स्टार 1943 साली जाहीर झाला, तेव्हा फोटो त्यानंतरचा. या रेजिमेंटची तिसरी बटालियन 1941 च्या मार्चमध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर लढली होती, दुसरी 1942 मध्ये लिबियातल्या तोब्रुकला होती. आजोबा कुठल्या बटालियनमध्ये होते, ते फोटो सांगत नाही. त्यासाठी बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज केला आहे.

आत्याला हे सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आबा म्हणायचे, उघडाबोडका डोंगर आणि पाण्याचा थेंब नाही. बर्मात कुठला रे असला डोंगर?”