बिबट्याची रिकामी खोली

ऊसतोडणी सुरू झाली की जुन्नर, शिरूर, अकोले, संगमनेर या पट्ट्यातून दोन तऱ्हेच्या बातम्या येऊ लागतात. फडात बिबट्याची पिल्लं सापडल्याची एक आणि बिबट्याच्या हल्ल्याची दुसरी. दुसरीच्या मागोमाग मागणी येते: सगळे बिबटे धरा आणि लांबच्या जंगलात नेऊन सोडा. मागणीमागची भीती खरी आहे, उपाय मात्र करून पाहिलेला आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात शंभराहून अधिक बिबटे पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत सोडण्यात आले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर नोंदी तपासल्या, तेव्हा आधी वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरचे हल्ले १७ वर गेल्याचं दिसलं. जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाणही १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर पोचलं. बिबटे याच काळात वाढले असतील, ऊसही वाढला असेल, अशी शंका इथे रास्त आहे. पण जिथे बिबटे सोडले त्या जागांच्या आसपास हल्ले वाढले, हे निव्वळ संख्यावाढीने समजावता येत नाही.

समजावतं ते बिबट्याचं घर. उसातला बिबट्या वाट चुकलेला पाहुणा नसतो. अकोले परिसरात म्हणण्यासारखं जंगल नाही, तरी तिथे १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास ५ प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा होता. अशा जागेची तुलना मुंबईच्या चाळीतल्या खोलीशीच करावी. जुना भाडेकरू हलला की खोली ओस पडत नाही, दाराशी टपलेला कुणीतरी त्याच रात्री वळकटी घेऊन शिरतो. बिबट्यांमध्ये हा ‘कुणीतरी’ बहुधा हद्दीच्या शोधात भटकणारा तरुण असतो. त्याला गावाच्या वेळा ठाऊक नसतात आणि गावाला त्याच्या. हलवलेला बिबट्याही नव्या जागी स्वस्थ बसत नाही. ‘आजोबा’ नावाचा बिबट्या हे याचं लाडकं उदाहरण. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेल्या या वयस्क नराला २००९ मध्ये जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. कसाऱ्याजवळ रेल्वे आणि मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून, वसईची खाडी पोहून तो साधारण महिनाभरात मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. सुमारे १२० किलोमीटरच्या या प्रवासात त्याने एकाही माणसाला हात लावला नाही. (त्याच्यावर पुढे सिनेमाही निघाला. संशोधनाच्या आकडेवारीला हे भाग्य लाभत नाही.)

म्हणूनच जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातलं सगळ्यांत मोलाचं काम पिंजऱ्याबाहेरचं आहे. वन विभागासोबत तिथे ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था काम करते. फडात पिल्लं सापडली की मजुरांना बाजूला केलं जातं, डॉक्टर पिल्लांच्या अंगावरच्या गोचिड्या काढतात, प्रकृती तपासतात, कातडीखाली ओळखीची चिप बसवतात. अंधार पडायच्या सुमारास पिल्लं खोक्यात घालून सापडल्या जागीच ठेवतात आणि कॅमेरे लावून माणसं मागे सरतात. माणसाचा वास लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूत हे कॅमेरे पुन्हा पुन्हा खोटी ठरवतात. मादी येते, खोकं हुंगते, एकेक पिल्लू तोंडात धरून नेते.

‘म्हणजे तुम्ही बिबटेच वाढवता,’ हा गावकऱ्यांचा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. पण पिल्लं उचलून संख्या घटत नाही. दूध पाजणारी मादी सहसा माजावर येत नाही. पिल्लं गेली की ती लवकर माजावर येते आणि पुन्हा विते. शिवाय आईकडून शिकार न शिकलेलं, माणसाला सरावलेलं पिल्लू मोकळं सोडणं धोक्याचं, म्हणजे त्याला जन्मभर पोसणं आलं. तेवढ्यात पिल्लं शोधणारी, चवताळलेली मादी फडाभोवती फिरते ती वेगळीच. माणसांवर हल्ले करणारा बिबट्या मात्र धरलाच पाहिजे, आणि असा प्राणी पुन्हा कुठेही न सोडता केंद्रात आयुष्यभर ठेवण्याला पर्याय नाही. पण पिंजऱ्यांची संख्या मर्यादित असते. दिसेल तो बिबट्या त्यांत भरला, तर खरा धोकादायक प्राणी सापडेल तेव्हा जागा कुठून आणायची?

या हिशेबात नसबंदीचा अधूनमधून चर्चेत येणारा प्रस्ताव स्थलांतरापेक्षा सरस ठरतो, कारण मादी आपली हद्द सांभाळून राहील आणि खोली रिकामी होणार नाही. अर्थात त्यासाठी बऱ्याच माद्या पकडाव्या लागतील आणि परिणाम दिसायला वर्षं जातील. अडचण शस्त्रक्रियेपेक्षा पुढच्या पायरीत आहे: पिंजऱ्यात आलेली मादी शुद्धीवर आल्यावर त्याच गावाच्या त्याच उसात सोडावी लागेल, आणि हे त्या गावाला पटवावं लागेल.