७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांचा संग्रह (मुंबई)

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या मिळवणे, त्यांची नोंद ठेवणे व त्या जतन करणे हा मुंबई परिसरातील संगीतप्रेमींचा जुना छंद आहे. ग्रामोफोन कंपनीने भारतातील आपले पहिले ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकाता येथे केले. या कंपनीच्या तबकड्या आजही सहज आढळतात. संग्राहकांना विशेष ओढ असते ती बेका, निकोल, यंग इंडिया, रेक्स अशा कमी प्रसार झालेल्या छापांची.

रेक्सचे महत्त्व जॅझमुळे आहे. अमेरिकन कृष्णवर्णीय ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वादन करीत असे. १९३६ मध्ये त्यांनी मुंबईत रेक्ससाठी ध्वनिमुद्रण केले. ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ ही त्यांतील एक रचना. नरेश फर्नांडिस यांच्या मुंबईतील जॅझविषयक ग्रंथाचे नावही हेच आहे.

लहान कंपन्या बंद पडल्यावर त्यांचे मूळ साचे सहसा उरत नाहीत. अशा वेळी घरोघरी किंवा चोरबाजारात सापडलेली प्रत हाच मूळ पुरावा ठरतो, आणि ती हातातून पडली तर फुटते. लेबलालगतच्या कोऱ्या वर्तुळातील साचा क्रमांकावरून ध्वनिमुद्रणाचा काळ ठरवता येतो. केवळ लेबलावर विसंबणे धोक्याचे, कारण जुनी मुद्रणे नव्या लेबलाखालीही विकली जात. पोलादी सुईने खाचा झिजतात, म्हणून संग्राहक हलक्या दाबाच्या, रुंद टोकाच्या सुईने तबकडी वाजवून तिचे अंकीकरण करतात. ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था १९९० मध्ये मुंबईत स्थापन झाली.